सीलवर आळ नको

इसोबे-सान यांनी मुलाखतीत मला पहिला प्रश्न विचारला तो असा: तुमच्या भाषेत लहान मूल विष्ठेला काय म्हणतं?

मी बरीच तयारी करून गेले होते. ही कंपनी मला का आवडली, माझ्या स्वभावातले गुण कोणते, अशी सगळी उत्तरं जपानीत पाठ होती. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी शेजारी बसलेल्या विभागप्रमुख कुरोकी-सान यांच्याकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मीच हळूच म्हणाले, "शी."

"शी!" इसोबे-सान यांचा चेहरा एकदम खुलला. "आमच्याकडे शी म्हणजे चार, शी म्हणजे मरण, आणि शी म्हणजे कवितासुद्धा. आता अजून एक अर्थ मिळाला."

मग त्या कुरोकी-सानना म्हणाल्या की यांना घेऊया, इथे येणारे निम्मे लोक हा शब्द उच्चारायलाच लाजतात आणि मग त्यांच्याकडून काम होत नाही. अशी मी त्या लॅबमध्ये पार्ट-टाइम म्हणून लागले.

नवऱ्याची बँकेतर्फे टोकियोला बदली झाली होती. आम्ही निशी-कसाईला राहत होतो, मुलगी ईरा शाळेत जायला लागली होती, आणि माझी मायक्रोबायॉलॉजीची डिग्री मुंबईच्या घरी कपाटात पडून होती. टोकियोजवळच्या कावासाकीतली ही कंपनी तशी लहान. जिथे शहराचं गटार पोचत नाही तिथल्यासाठी सांडपाणी स्वच्छ करणारी यंत्रं ती बनवायची: डोंगरावरची विश्रामगृहं, लहान बेटं, जहाजं. आणि एक गिऱ्हाईक सगळ्यांत लांबचं, अंटार्क्टिकातलं एक संशोधन केंद्र. त्या केंद्राजवळच्या समुद्राचं पाणी आणि तळाचा चिखल बर्फात गोठवून बोटीने आमच्याकडे यायचा. त्यात माणसाच्या घाणीची खूण किती उरली आहे ते तपासायचं, हे माझं काम. माझ्या हातात ते सॅम्पल देणाऱ्या इसोबे-सान.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या. बुटक्या, केस मुलासारखे कापलेले, चष्मा नेहमी नाकावर घसरलेला. लॅबमध्ये पाण्याचा घोटसुद्धा घेऊ द्यायच्या नाहीत. जेवायला आम्ही गच्चीवर जायचो, अगदी फेब्रुवारीतही. भाताचा गोळा त्या चार घासांत संपवायच्या आणि मग उरलेला वेळ खाडीकडे बघत बसायच्या. संध्याकाळी घरी जाताना ऑफिसात सगळे एकमेकांना "ओत्सुकारेसामा" म्हणतात, म्हणजे दमलात हो, आभारी आहे, असं काहीसं. इसोबे-सान ते आम्हाला म्हणायच्या आणि मग कोपऱ्यातल्या टाकीलाही म्हणायच्या. त्या टाकीत घाण खाणारे जिवाणू वाढवलेले होते. पहिल्या दिवशी मला वाटलं गंमत करताहेत. नंतर लक्षात आलं की त्या टाकीपुढे थोड्या वाकतातही, कुरोकी-सानपुढे वाकतात तेवढ्याच.

त्यांना दोन शब्द अजिबात खपत नसत. एक "पातळ". समुद्र एवढा मोठा, त्यात सोडलं की पातळ होऊन जातं, असं कुणी म्हटलं की त्या विचारायच्या, "पातळ होऊन जातं कुठे?" आणि दुसरा "लांब". एकदा भेटीला आलेले एक गृहस्थ म्हणाले, तिथे इतक्या लांब कोण बघायला जातंय. इसोबे-सान शांतपणे म्हणाल्या, "लांब म्हणजे कुठून? पेंग्विनला कावासाकी लांब आहे."

ते अंटार्क्टिकातलं केंद्र नेमकं कुठल्या देशाचं, हे मात्र त्या बाहेरच्या कुणालाही सांगत नसत. फारच कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, माणसांचं.

कंपनीत यायच्या आधी त्या विद्यापीठात होत्या, आणि तरुणपणी पाहुण्या संशोधक म्हणून याच केंद्रावर एक उन्हाळा राहून आल्या होत्या. ती गोष्ट त्यांनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितली, बहुतेक गच्चीवर.

त्या काळी त्या केंद्राचं सगळं सांडपाणी, म्हणजे संडासचं, मोरीचं, स्वयंपाकघरातलं, नुसतं दळून एका पाइपातून थेट समुद्रात जायचं. नियमानेही तेवढं पुरत होतं. वर बर्फाची जाड साय, खाली पाणी जवळजवळ स्थिर, त्यामुळे ते तिथेच खाली बसायचं. इसोबे-सान बर्फाला भोक पाडून तळाचा चिखल काढायच्या. माणसाच्या आतड्यात एक चरबीसारखा पदार्थ तयार होतो, तो थंडीत वर्षानुवर्षं चिखलात टिकतो. तो त्यांना पाइपाच्या तोंडाशी मिळालाच, पण तिथून खूप दूरही मिळाला, जिथे तो असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पाइपाजवळच्या चिखलात तर एका जातीच्या बारक्या किड्यांशिवाय काही जगत नव्हतं.

तरुण होत्या, उत्साहात होत्या. ज्या दिवशी आकडे हातात आले त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, मेसमध्ये, जेवणाच्या टेबलावर.

"सगळ्यांनी चमचे खाली ठेवले," त्या मला म्हणाल्या. "आणि आचारी उठून आत गेला. त्याने दिवसभर खपून ते जेवण केलं होतं."

केंद्राचे प्रमुख म्हणाले की हे सीलचं असेल. बाहेर शेकडो सील पडलेले असतात, तेही समुद्रातच करतात. टेबलावर सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना ते पटवून घ्यायचंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून इसोबे-सान चमचा आणि डबी घेऊन बर्फावर हिंडायला लागल्या. सीलजवळ जायची परवानगी नव्हती, म्हणून सील उठून पाण्यात जाईपर्यंत लांब उभं राहायचं, आणि तो गेला की त्याची विष्ठा गोळा करायची. लोक खिडकीतून बघून हसायचे. त्यांना कुणी विचारलं हे कशासाठी, तर म्हणायच्या, सीलवर आळ आलाय, त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. पुढे आयुष्यभर त्यांचं ते वाक्यच होऊन बसलं. लॅबमध्ये एखादा निकाल विचित्र आला आणि आम्ही मशीन बिघडलंय म्हणायला लागलो की त्या म्हणायच्या, "सीलवर आळ नको. आधी आपले हात तपासा."

तर बरेच दिवस त्या अशा हिंडल्या. आणि एका सकाळी त्यांच्या लॅबच्या दारात आचारी उभा. हातात दह्याचा धुतलेला डबा, त्यावर झाकण. कचरा टाकायला बाहेर गेलो होतो, सील नुकताच उठून गेला, म्हणून आणलं, असं म्हणाला. डबा हातात दिला तरी तो हलेना. मग त्याने विचारलं, यात माझं किती आहे?

म्हणजे स्वयंपाकघराचं किती आहे. इसोबे-सान त्याच्याबरोबर आत गेल्या. तळणीचं तेल मोरीत जात होतं. भांडी धुवायला क्लोरीनचं जहाल पाणी वापरत होते. तेल आणि क्लोरीन एकत्र गेलं की जी थोडीफार घाण आपोआप कुजली असती तीही कुजत नाही, हे त्यांनी त्याला सांगितलं. त्या दिवसापासून तो तेल डब्यात भरून ठेवायला लागला, परतीच्या बोटीने पाठवायला. खरकटी भांडी आधी कागदाने पुसायची, असा नियम त्याने स्वतःच लावला, आणि प्रमुखांनाही ताट पुसायला लावलं.

सीलचे निकाल आले. सील निर्दोष सुटले. त्यांच्या विष्ठेतला पदार्थ वेगळ्या प्रमाणातला होता, चिखलातला होता तो माणसाचाच. या वेळी इसोबे-सान यांनी तो निकाल जेवणाच्या टेबलावर नेला नाही. सकाळी, चहाच्या वेळी, आधी प्रमुखांना एकट्याला सांगितला. त्यांनी तो ऐकला आणि मायदेशी पत्र लिहून मशीन मागितलं. मशीन यायला पुढे पुष्कळ वर्षं गेली, ते आमच्या कंपनीनेच बनवलं, आणि त्यासाठीच इसोबे-सान विद्यापीठ सोडून इथे आल्या होत्या.

वाईट बातमी सकाळी द्यायची आणि समोरच्याचं पोट भरलेलं नसताना, पण रिकामंही नसताना द्यायची, हा त्यांचा नियम तेव्हापासूनचा. त्यासाठी त्या ड्रॉवरमध्ये तांदळाची बिस्किटं ठेवायच्या. त्यांनी बिस्किटांचा पुडा बाहेर काढला की आम्हाला कळायचं, काहीतरी बिघडलंय.

पुसण्याचा तो नियम मला दिवाळीत कळला. मी ऑफिसात चकल्या आणि करंज्या नेल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या, डबे रिकामे झाले, मी पॅन्ट्रीत ते गरम पाण्याने खळखळून धुतले. दुसऱ्या दिवशी इसोबे-सान माझ्याजवळ आल्या आणि करंज्या किती छान होत्या ते आधी सांगितलं. मग म्हणाल्या, टाकीलाही कळलं काल तुमचा सण होता. पॅन्ट्रीची मोरी आणि दुसऱ्या मजल्यावरचा संडास आमच्या शीतगृहातल्या चाचणीच्या टाकीलाच जोडलेले होते, हे मला तेव्हा समजलं. त्यांनी कागदाने डबा कसा पुसायचा ते मला करून दाखवलं. मी घरी जाऊन ते सांगितलं, तर ईरा जपानीत म्हणाली की आम्हाला शाळेत केव्हाच शिकवलंय, आई, तुलाच माहीत नव्हतं. आता आमच्या घरी कढई तीच पुसते आणि मी चुकले तर ओरडतेही तीच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती सांगते.

मी लागल्यानंतर काही वर्षांनी आमचं मशीन त्या केंद्रावर बसलं. पहिल्या हिवाळ्याचे सॅम्पल आले. मी तपासले, आणि पाणी इतकं चांगलं निघालं की मी पुन्हा तपासलं. कंपनीत आनंदीआनंद झाला. ओसाकाला एक मोठी बैठक होणार होती, बऱ्याच देशांची ध्रुवीय केंद्रं चालवणारे लोक तिथे येणार होते, आणि कुरोकी-सान आमचं मशीन तिथे मांडणार होते.

मग उन्हाळ्याचे सॅम्पल आले. ते वाईट होते. हिवाळ्यात केंद्रावर मूठभर माणसं असतात. उन्हाळ्यात बोट येते, संशोधक येतात, सुतार येतात, पाहुणे येतात, आणि एकदम तिप्पट-चौपट माणसं तेच संडास वापरतात. टाकीतल्या जिवाणूंना ते झेपलं नव्हतं. पाणी जवळजवळ तसंच समुद्रात गेलं होतं.

मी निकाल इसोबे-सानना दिले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले. मग ड्रॉवर उघडला, बिस्किटांचा पुडा काढला आणि मला म्हणाल्या, "चला, कुरोकी-सानकडे. ज्यांनी मोजलं त्यांनी सोबत असायला हवं."

कुरोकी-सान वाईट माणूस नव्हते. त्यांनी निकाल नीट वाचला, पुन्हा उलटून पाहिला. म्हणाले, ओसाकाला हिवाळ्याचेच आकडे मागितलेत, उन्हाळ्याचे कुणी विचारलेले नाहीत. मग ते म्हणाले, आणि हे मी अजून विसरले नाही, "तिथे बसलेल्या निम्म्या लोकांकडे आजही नुसता पाइप आहे. आपण सांगितलं की मशीन चाललं नाही, तर ते म्हणतील, बघा, तिथे काहीच चालत नाही, पाइपच बरा. मग कुणीच काही बसवणार नाही. समुद्राचं त्यात भलं आहे का?"

मला त्यांचं पटलं. खरंच पटलं. मी इसोबे-सानकडे पाहिलं, तर त्यांनाही ते पटलेलं दिसत होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि तो कागद पुन्हा वाचला.

"तुम्ही म्हणता ते होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "पण हिवाळा दाखवला तर ते हिवाळ्याचं मशीन विकत घेतील. मग पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडेही हेच होईल. त्या वेळी आपण खरं बोललो तरी कोण ऐकेल? मला बैठकीपर्यंतचा वेळ द्या. आजार सांगायचा तर औषध घेऊन जाते."

औषध त्यांच्या डोक्यात तयार होतं. मशीनच्या आधी एक मोठी साठवणीची टाकी ठेवायची, म्हणजे गर्दीच्या दिवसांतलं पाणी तिथे थांबेल आणि जिवाणूंना झेपेल तेवढंच पुढे जाईल. स्वयंपाकघराचं पाणी वेगळं काढायचं, त्यातलं तेल आधीच अडवायचं. कागदावर सोपं होतं. पण ते खरोखर चालतं हे थंडीत दाखवायचं तर उन्हाळ्याएवढी गर्दी हवी. आमच्या शीतगृहातल्या चाचणीच्या टाकीला फक्त दुसऱ्या मजल्यावरचे लोक मिळत होते.

सोमवारी सकाळी आमच्याकडे सगळ्या कर्मचाऱ्यांची उभ्याने सभा होते. त्या सोमवारी इसोबे-सान पुढे आल्या, कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या की पुढचे काही आठवडे सर्वांनी, वर्कशॉपमधल्यांनी, हिशेब विभागाने, गोदामातल्यांनी, कृपा करून दुसऱ्या मजल्यावरचाच संडास वापरावा. घरून येताना शक्यतो जाऊन येऊ नये.

मी खाली बघत होते. हसू आवरत नव्हतं. पण वर पाहिलं तर सगळी कंपनी, वर्कशॉपचे गणवेश घातलेले आडदांड लोकसुद्धा, गंभीरपणे वाकून "हो" म्हणत होती.

आणि ते खरंच यायला लागले. जिन्यावर रांग असायची. गोदामातले लोक टोप्या हातात धरून उभे राहायचे, एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणायचे. जेवणानंतर तर पॅन्ट्रीपर्यंत रांग यायची. कुणीतरी दारावर पेंग्विनचं चित्र चिकटवलं. ज्यांच्याशी मी इतक्या वर्षांत कधी एक शब्द बोलले नव्हते ते लिफ्टमध्ये मला विचारायला लागले, आज कसं आहे? पाणी कसं आहे? मी सांगायचे, कालच्यापेक्षा बरं. मग ते खूश होऊन उतरायचे.

एका दुपारी मी जिन्यात कुरोकी-सान पाहिले. त्यांची खोली तळमजल्यावर, तिथे त्यांच्यासाठी वेगळा संडास होता. ते रांगेत उभे होते, हातात फाइल, नजर भिंतीकडे. इसोबे-सान प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर आल्या, त्यांना पाहिलं, आणि जरा वाकल्या. ते पण वाकले. रांग पुढे सरकली.

पहिला आठवडा पाणी वाईटच होतं. दुसऱ्या आठवड्यात इसोबे-सान यांनी पाणी पुढे सोडायचा वेग दोनदा बदलला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी सॅम्पल उचललं आणि उजेडाकडे धरलं, तर बाटलीपलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. आकडे नंतर आले. ते चांगले होते, हिवाळ्याइतके नाही, पण चांगले. मी ते त्यांना दिले तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडला, मला वाटलं आता बिस्किटं, आणि त्यांनी आतून एक चॉकलेट काढून माझ्या हातात दिलं.

ओसाकाला त्यांनी मलाही नेलं. अहवालावर माझं नाव असावं का, असं त्यांनी मला आधी विचारलं होतं, कारण त्यात अपयशाचेही आकडे होते आणि काही लोक नाराज होणार होते. मी हो म्हटलं. बोलायचं काम कुरोकी-साननी त्यांच्याकडेच दिलं होतं. त्या इंग्रजीत बोलल्या, एकेक शब्द जोर देऊन. हिवाळा दाखवला, मग उन्हाळा दाखवला, अगदी तेवढाच मोठा करून. सभागृहात कुजबुज झाली. मग त्यांनी साठवणीची टाकी दाखवली आणि शेवटी आमच्या जिन्यावरच्या रांगेचा फोटो. लोक हसले, पण ते हसणं चांगलं होतं.

प्रश्नांची वेळ आली. कुरोकी-सान माझ्या शेजारी बसले होते, त्यांचा गुडघा हलत होता. मग मागून एक उंच, दाढीवाला माणूस उठला. एका वेगळ्याच देशाच्या केंद्राचा इंजिनिअर होता. तो म्हणाला, "आमच्याकडे नुसता पाइप आहे. आमच्या चिखलात काय आहे ते आम्ही कधी पाहिलेलं नाही. मला वाटतं, बघायची भीती वाटत होती. मी तुम्हाला चिखल पाठवला तर तुम्ही तपासाल का?"

त्याच्यानंतर आणखी एक बाई उठल्या. मग आणखी कुणी. चहाच्या सुट्टीत कुरोकी-सानभोवती गर्दी होती आणि ते घाम पुसत व्हिजिटिंग कार्डं वाटत होते. त्या वर्षाअखेर आमच्या फ्रीजरमध्ये इतक्या देशांचा चिखल येऊन पडला की आणखी एक फ्रीजर घ्यावा लागला.

साठवणीची टाकी बसवायला कुणीतरी केंद्रावर जायचं होतं. जाणार इसोबे-सानच, यात कुणाला शंका नव्हती. त्यांनी नवे बूटही घेतले होते. पण वैद्यकीय तपासणीत हृदयाची एक झडप नीट चालत नाही असं निघालं. जपून राहिलं तर काळजीचं कारण नव्हतं, पण जिथून महिनोन्महिने परत येता येत नाही अशा ठिकाणी जाऊ देणं शक्य नव्हतं. त्यांच्याऐवजी आमच्या लॅबमधली तामाकी जाणार असं ठरलं. ती माझ्या थोडी आधी लागली होती, हुशार आणि धीट.

त्या दुपारी इसोबे-सान कुठे दिसेनात. गच्चीवर नव्हत्या. मी शीतगृहाच्या दाराच्या काचेतून पाहिलं, तर आत त्या जाड कोट घालून टाकीशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. मीही कोट चढवून आत गेले आणि बाजूला उभी राहिले.

"थंडी तर तीच आहे," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरचं बाष्प पुसलं आणि उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तामाकीला शिकवायला घेतलं: बर्फाच्या भोकातून नळी कशी सोडायची, चिखलाचे थर न मोडता वर कशी काढायची, आचाऱ्याशी पहिल्याच दिवशी ओळख कशी करून घ्यायची. नवे बूट तामाकीला मोठे होत होते. त्यांनी ते दुकानात जाऊन बदलून आणले.

तामाकी गेली, टाकी बसवली आणि परत आली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. मधल्या काळात इसोबे-सान निवृत्त झाल्या. माझ्या नवऱ्याची बदली संपली होती, पण त्याने इथेच दुसरी नोकरी धरली आणि मीही कंपनीत पूर्ण वेळ झाले. दुसऱ्या उन्हाळ्याचा चिखल आला तेव्हा कुरोकी-साननी स्वतः इसोबे-सानना फोन करून बोलावलं. नळी उभी चिरून आम्ही तो टेबलावर ठेवला. पाइपाच्या तोंडाजवळची जागा होती ती. खालचा चिखल काळा, वास मारणारा. अगदी वर, जेमतेम एक पातळ पापुद्रा, राखाडी. मी दोन्ही थर वेगळे तपासले. खालच्यात खूण भरपूर होती. वरच्यात ती जवळजवळ नव्हती. केंद्रावरून सोबत आलेल्या फोटोत त्या जागी किड्यांच्या जोडीला एक लहानसा तारामासा दिसत होता.

कुरोकी-सान म्हणाले, फारच पातळ थर आहे. सांगताना ते टेबलावर वाकून त्या पापुद्र्याकडे बघत होते.

"खालचाही आपलाच आहे," इसोबे-सान म्हणाल्या, "आणि वरचाही."

कामाची वेळ संपल्यावर त्यांनी मला विचारलं, घाई नसेल तर नदीवर येता का. कावासाकी स्टेशनपासून तामा नदी चालत जाण्याइतकी जवळ आहे. मी रोज तिच्यावरच्या पुलावरून गाडीने जायचे, पण काठावर कधी गेले नव्हते. वसंतातली ओहोटी होती. चिखलात बरीच माणसं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून वाकलेली, हातात लहान दाताळी. शिजिमी काढत होती, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे काळे शिंपले. मी अलिबागची. चिखलात वाकलेली माणसं पाहून मला एकदम घरची आठवण झाली, आणि आमच्याकडे तिसऱ्यांचं, म्हणजे असल्याच शिंपल्यांचं, सुकं कसं करतात ते मी त्यांना सांगायला लागले, नारळ, कोकम सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं.

मग त्या सांगायला लागल्या. त्या याच काठावर वाढल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी नदीत साऱ्या गावाचं सांडपाणी यायचं, आणि साबणाचा फेस बांधावरून उडत घरांत यायचा. आई खिडक्या लावून घ्यायची. त्यांचे वडील पूर्वी इथे मासे धरायचे. एक दिवस त्यांनी गळ गुंडाळून माळ्यावर टाकला आणि पुन्हा कधी काढला नाही. नदी आता मेली, असं सगळेच म्हणत होते, शाळेत मास्तरसुद्धा म्हणत होते.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"विशेष काही नाही," त्या म्हणाल्या. "गटारं बांधली. साबण बदलला. लोकांनी तक्रारी केल्या, काहींनी ऐकल्या. खूप कंटाळवाणं काम होतं, बरीच वर्षं चाललं. मग एका वसंतात समुद्रातून मासे वर आले. वडील तोवर राहिले नव्हते. पण मासे आले." त्यांनी बूट काढले, मोजे त्यात खोचले. "म्हणून मला कुणी सांगितलं की आता काही होऊ शकत नाही, तर ते मला समजतच नाही. मी झालेलं बघितलंय."

पिशवीतून लहानशी बादली काढून त्या चिखलात उतरल्या. मला ईराला क्लासमधून आणायला जायचं होतं, म्हणून मी निघाले. पुढच्या महिन्यात त्या बहिणीजवळ राहायला होक्काइदोला गेल्या. फोन येतो अधूनमधून, आवाज खणखणीत असतो, पण भेट त्यानंतर झालेली नाही.

त्या संध्याकाळी गाडी पुलावर आली तेव्हा मी दाराशी उभी होते. भरती सुरू झाली होती आणि बाकीची माणसं काठावर चढून पाय धूत होती. इसोबे-सान एकट्याच अजून पाण्यात होत्या, पोटऱ्यांपर्यंत. त्यांनी कंबर सरळ केली, बादलीत डोकावून पाहिलं, हात घालून चाळलं, आणि मग एक मूठ भरून पाण्यात सोडून दिली. लहान शिंपले असणार. मग दुसरी मूठ. गाडी पुढे गेली तेव्हा त्या तिसऱ्या मुठीसाठी वाकल्या होत्या.